दुखरी नडगी आणि विद्यार्थी प्रमुखाची जबाबदारी

पत्र

"ताई, मी बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यातील एका मराठी माध्यमाच्या हायस्कूलमध्ये दहावीत शिकते. शाळेच्या खो-खो संघाची मी कर्णधार आहे, थ्रोबॉलच्या संघातही आहे आणि ८०० व १५०० मीटर धावते. जूनमध्ये मुलांनी मला विद्यार्थी प्रमुख म्हणून निवडून दिले. सकाळी सहा ते साडेसात धावण्याचा सराव असतो, शाळा सुटल्यावर साडेचार ते साडेसहा खो-खो किंवा थ्रोबॉल असतो आणि रविवारी सकाळी तीन तास सामने असतात. रात्री अभ्यास संपायला साडेअकरा होतात आणि पाचला उठावे लागते. बाबा म्हणतात की दहावीचे वर्ष आहे, गणपतीनंतर सगळे खेळ बंद कर. सर म्हणतात की तू नसशील तर एकही संघ तालुक्यापुढे जाणार नाही. उशिरा येणाऱ्या मुलांची नावे लिहिण्याचे काम माझ्याकडे असल्यामुळे खो-खोतल्या दोन मैत्रिणी माझ्याशी बोलत नाहीत. तालुक्याच्या ठिकाणी झालेल्या विद्यार्थी प्रतिनिधींच्या बैठकीत मला कन्नडमध्ये बोलताना अडखळायला झाले आणि काही मुले हसली. मी पद सोडावे, की एखादा खेळ सोडावा? (जुलैपासून उजवी नडगी दुखते. चार महिने पाळीही आलेली नाही, पण खेळणाऱ्या मुलींचे असे होते असे ऐकले आहे. हे कोणालाच सांगितलेले नाही, कारण मीच बसले तर बाकीच्या मुली काय करतील?)"

प्रिय मुली,

तुझ्या पत्रातील सर्वांत महत्त्वाचा मजकूर तू कंसात लिहिला आहेस. खेळ सोडावा की पद, या प्रश्नाकडे मी येणारच आहे, परंतु कंसातल्या गोष्टींचा उलगडा झाल्याशिवाय त्या प्रश्नाचे उत्तर देणे म्हणजे भिंतीला तडा गेलेला असताना रंग कोणता लावावा याची चर्चा करण्यासारखे होईल.

प्रथम नडगी. नडगीचे दुखणे साधारणपणे दोन प्रकारचे असते आणि त्यांतला फरक तुला स्वतःलाही काही अंशी ओळखता येईल. एका प्रकारात नडगीच्या आतल्या कडेने वीतभर पट्टा दुखतो, धावायला सुरुवात करताना दुखते, अंग गरम झाल्यावर कमी होते आणि विश्रांती घेतल्यावर थांबते. हाडावरील आवरणावर आणि स्नायूंवर पडलेला तो ताण असतो. काही आठवडे धावणे कमी केले की बहुधा बरा होतो. दुसऱ्या प्रकारात बोट ठेवून दाखवता येईल अशी एकच जागा दुखते, धावत गेले की दुखणे वाढत जाते आणि पुढे पुढे चालताना किंवा रात्री अंथरुणातही ठणकते. अशा वेळी हाडाला बारीक तडा जायला सुरुवात झालेली असू शकते आणि त्याला डॉक्टर स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणतात. हा तडा पहिल्या दोन-तीन आठवड्यांत साध्या एक्स-रेमध्ये पुष्कळदा दिसतही नाही, त्यामुळे कोणी एकदा एक्स-रे काढून "काही नाही" म्हटले म्हणून निश्चिंत होऊ नये. दुखणे कोणत्या प्रकारचे आहे हे ठरवणे तुझे, माझे किंवा सरांचे काम नाही. ते हाडांच्या डॉक्टरांचे काम आहे आणि ते ठरेपर्यंत तू धावायचे नाही, उड्या मारायच्या नाहीत.

जुलैमध्येच हे का सुरू झाले असावे, याचा मला एक अंदाज आहे. खानापूर तालुक्यातला जुलै-ऑगस्टचा पाऊस मला ठाऊक आहे. कणकुंबी-जांबोटीकडे तर दिवसचे दिवस आभाळ उघडत नाही. मैदानात चिखल झाला की सराव डांबरी रस्त्यावर जातो. मऊ मातीवर धावणारे पाय एकदम कठीण रस्त्यावर आले, त्यात अंतर कमी केले नाही आणि बूट जुने असले, तर हाडाला दुरुस्तीसाठी मिळणारा वेळ संपतो. सरावात झालेली बारीक झीज हाड विश्रांतीत भरून काढत असते आणि तुझ्या वेळापत्रकात ती विश्रांतीच नाही. पावसाळ्यात शाळेच्या व्हरांड्यात किंवा सभागृहात पोट, पाठ आणि मांड्यांचे व्यायाम घ्यावेत, रस्त्यावर लांब अंतर धावू नये, ही सूचना तू विद्यार्थी प्रमुख या नात्याने सरांना करू शकतेस. त्याचा उपयोग तुझ्याबरोबर धावणाऱ्या प्रत्येक मुलीला होईल.

आता दुसरी गोष्ट, जी लिहिताना तुझी लेखणी अडखळली असेल हे मी समजू शकते. खेळणाऱ्या मुलींची पाळी बंद होते आणि त्यात काही विशेष नाही, असे तू ऐकले आहेस. हे पुष्कळ मैदानांवर बोलले जाते आणि ते चुकीचे आहे. एकदा पाळी नियमित सुरू झाल्यानंतर ती तीन महिने आली नाही, तर तिचे कारण शोधले पाहिजे. कारणे अनेक असू शकतात, म्हणूनच तपासणी हवी. परंतु भरपूर खेळणाऱ्या आणि त्या मानाने कमी खाणाऱ्या मुलींमध्ये एक कारण वारंवार दिसते. शरीराला जेवढी ऊर्जा खर्च करावी लागते तेवढी अन्नातून मिळाली नाही, की ते काटकसर सुरू करते आणि ज्या कामांवाचून आजचा दिवस निभावतो ती कामे थांबवते. पाळी थांबते, तिच्याबरोबर हाडांना बळ देणारी संप्रेरके कमी होतात आणि हाडे ठिसूळ होऊ लागतात. चार महिने न आलेली पाळी आणि जुलैपासून दुखणारी नडगी ही तू दोन वेगळी वाक्ये केली आहेस, पण ती एकाच गोष्टीची दोन टोके असण्याची शक्यता आहे. म्हणून डॉक्टरांना दोन्ही गोष्टी एकाच भेटीत सांग, त्यांतली एकही झाकू नकोस.

तू पहाटे काय खातेस हे लिहिलेले नाहीस, परंतु पाचला उठून सहाला मैदानावर पोहोचणाऱ्या मुली काय खातात हे मी अनेक वर्षे पाहिले आहे. घोटभर चहा, फार तर एखादे बिस्किट, आणि मग दुपारच्या जेवणापर्यंत काही नाही. सराव पुन्हा सुरू होईल तेव्हा त्याआधी एक केळे किंवा दह्याबरोबर अर्धी भाकरी आणि सराव संपल्यावर अर्ध्या तासात मूठभर शेंगदाणे-गूळ किंवा फुटाणे खायचेच, असा नियम कर. नाचणी तुमच्या भागातलीच आहे आणि तिच्यात कॅल्शियम भरपूर असते; रोज वाटीभर आंबील घेणे अवघड नाही. शाळेत मिळणारे दूध आणि अंडे कोणाला देऊन टाकू नकोस. जेवणाला लागून चहा घेतला तर अन्नातले लोह अंगी कमी लागते, उलट उसळीवर लिंबू पिळले तर जास्त लागते. आठवड्यातून एकदा शाळेत लोहाची गोळी मिळत असेल तर ती खिशात घालून घरी नेऊ नकोस, जेवणानंतर तिथेच घे.

हे सारे मी एवढ्या आग्रहाने का लिहिते आहे, ते सांगते. मी एकतीस वर्षे शारीरिक शिक्षण शिकवले. सुरुवातीच्या वर्षांत माझ्याकडे चारशे मीटर धावणारी एक मुलगी होती. तिने जिल्हा स्पर्धेच्या आठवडाभर आधी पाय दुखतो असे मला सांगितले होते आणि मी तिला "एवढी शर्यत होऊ दे, मग बघू" असे म्हटले होते. ती धावली, तिसरी आली आणि त्यानंतर पाच महिने तिला नीट चालता आले नाही. ती पुन्हा मैदानावर आली नाही. तिने सांगितले होते आणि मी ऐकले नव्हते, हे मी आजही विसरलेले नाही. तुझे सर तुझे ऐकतील असा माझा विश्वास आहे, परंतु त्यासाठी आधी तुला सांगावे लागेल.

कोणाला काय सांगायचे, हेही ठरवून घेऊ. आजच रात्री आईला दोन्ही गोष्टी सांग. बाबांना नडगीचे सांग, बाकीचे आई त्यांना सांगेल. पाळीविषयी सरांशी बोलणे तुला अवघड वाटेल आणि ते आवश्यकही नाही. शाळेतल्या ज्या मॅडम तुला जवळच्या वाटतात त्यांना विश्वासात घे आणि त्यांनाच सरांशी बोलू दे. सरांना तू स्वतः एवढेच सांग: "सर, माझी नडगी जुलैपासून दुखते आहे, डॉक्टरांनी सांगेपर्यंत मी धावणार नाही." या वाक्याला "पण" जोडू नकोस. बेळगावच्या जिल्हा रुग्णालयात, म्हणजे बिम्समध्ये, हाडांचा आणि स्त्रीरोगांचा असे दोन्ही विभाग एकाच आवारात आहेत, त्यामुळे एका फेरीत काम होऊ शकेल. कर्नाटकात महिलांना सरकारी बसमधून मोफत प्रवास देणाऱ्या, ११ जून २०२३ पासून लागू झालेल्या शक्ती योजनेमुळे तुझ्या आणि आईच्या बसभाड्याचा प्रश्न नाही. आधार कार्ड मात्र बरोबर ठेवा.

आता खेळांविषयी. तू तीन खेळ खेळतेस हे चूक आहे असे मला मुळीच वाटत नाही, उलट पंधराव्या वर्षी एकाच खेळाला जुंपून घेणाऱ्या मुलींपेक्षा तुझी वाट मला अधिक शहाणपणाची वाटते. लहान वयात बारा महिने एकच खेळ खेळणाऱ्यांच्या त्याच त्या सांध्यांवर ताण येतो आणि कंटाळून खेळ सोडण्याचे प्रमाणही त्यांच्यात अधिक असते. अनेक खेळ खेळणाऱ्याचे शरीर निरनिराळ्या तऱ्हेने हलायला शिकते आणि एका खेळात कमावलेले दुसऱ्यात कामी येते. आपल्या बेळगावजवळच्या तुरमुरीच्या मलप्रभा जाधव हिचे उदाहरण तुला ठाऊक असेल. ती ज्युडो खेळत वाढली आणि २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत तिने कुराश या कुस्तीसारख्या वेगळ्या खेळात कांस्यपदक मिळवले. प्रतिस्पर्ध्याचा तोल ओळखण्याची आणि त्याला उचलून टाकण्याची जी विद्या ज्युडोने दिली होती, तीच तिथे उपयोगी पडली. तुझेही तसेच आहे. खो-खोमध्ये साखळी धरून पळताना तू दिशा बदलायला शिकलीस, ८०० मीटरने तुला दम दिला आणि थ्रोबॉलने हात व नजर यांचा मेळ दिला.

मग बिघडले कुठे? बिघडले ते हंगामात. चुनी गोस्वामी यांच्या नेतृत्वाखाली भारताने १९६२ च्या आशियाई स्पर्धेत फुटबॉलचे सुवर्णपदक जिंकले आणि त्याच गोस्वामींनी १९७१-७२ च्या मोसमात बंगालच्या क्रिकेट संघाचे नेतृत्व करून त्याला रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यापर्यंत नेले. बंगालमध्ये फुटबॉल पावसाळ्यात रंगतो आणि क्रिकेट हिवाळ्यात, म्हणून एक खेळ चालू असताना दुसऱ्या खेळाचे स्नायू विश्रांती घेत असतात. आपल्या शालेय स्पर्धांचे तसे नाही. खो-खो, थ्रोबॉल आणि मैदानी स्पर्धा या तिन्ही जुलै ते सप्टेंबरच्या सुमारास एकापाठोपाठ येतात, त्यामुळे अनेक खेळ खेळण्याचा जो फायदा वर्षभर पसरून मिळाला असता, त्याऐवजी तिन्ही खेळांचे ओझे एकाच वेळी त्याच नडगीवर येते. तू तीन खेळ खेळतेस म्हणून नव्हे, तर तिन्ही त्याच दोन-तीन महिन्यांत खेळतेस म्हणून थकली आहेस.

तुझे तास मी मोजून पाहिले. सकाळचे दीड तास सहा दिवस, म्हणजे नऊ, संध्याकाळचे दोन तास सहा दिवस, म्हणजे बारा, रविवारचे तीन. एकूण चोवीस. वाढत्या वयाच्या खेळाडूंसाठी क्रीडावैद्यक तज्ज्ञ एक सोपा हिशेब सांगतात: आठवड्यातील सरावाचे तास वयाच्या वर्षांपेक्षा अधिक नसावेत आणि आठवड्यातून निदान एक दिवस पूर्ण विश्रांती असावी. तुझे वय पंधरा आहे. म्हणजे नऊ तास कमी व्हायला हवेत आणि ते नेमके तुझ्या सकाळच्या सरावाइतके आहेत. या वयात आठ ते दहा तास झोप लागते आणि तू साडेपाच तास झोपतेस, हे लक्षात घेतले तर कोणते नऊ तास वगळायचे याचा वेगळा विचार करण्याची गरज उरत नाही.

म्हणून माझे मत असे आहे. डॉक्टरांनी परवानगी दिली तर यंदा खो-खो तुझा मुख्य खेळ असू दे, ८०० मीटर ठेव, १५०० मीटर आणि थ्रोबॉल या हंगामापुरते बाजूला ठेव. थ्रोबॉलमध्ये तुझी जागा घेऊ शकणारी एखादी नववीची मुलगी नक्की असेल आणि तिला यंदा खेळायला मिळाले नाही तर पुढच्या वर्षी तुमच्या शाळेकडे संघच नसेल. हंगाम संपल्यावर, दसऱ्याच्या सुटीत किंवा दहावीची परीक्षा झाल्यावर, थ्रोबॉल मनसोक्त खेळ. आणि डॉक्टरांनी हाडाला तडा आहे असे सांगितले, तर सहा ते आठ आठवडे धावणे बंद राहील आणि हा हंगाम जाईल. याचे तुला फार वाईट वाटेल आणि वाटले पाहिजे, कारण तू त्यासाठी घाम गाळला आहेस. तरीही दहावीनंतर पदवीपूर्व महाविद्यालयांच्या स्पर्धा आहेत. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झालेला पहिला खो-खो विश्वचषक भारताच्या महिलांनी प्रियांका इंगळे हिच्या नेतृत्वाखाली जिंकला, हे तुला मी सांगायला नको. हा खेळ तुझ्यासाठी या सप्टेंबरमध्ये संपत नाही.

न खेळणारी कर्णधारही कर्णधारच असते. पळणाऱ्यांच्या तुकड्या कोणत्या क्रमाने उतरवायच्या, समोरच्या संघातली कोणती मुलगी खुंटावर कमकुवत आहे, हे मैदानाच्या कडेला बसून अधिक चांगले दिसते. शिवाय आठवी-नववीच्या मुली तुझ्याकडे पाहून शिकतात. तू दुखणे लपवून धावलीस, तर त्याही दुखणे लपवायला शिकतील. मीच बसले तर बाकीच्या काय करतील, असे तू विचारलेस. त्यांना दुखले की त्या बसतील आणि सांगतील, कारण त्यांनी कर्णधाराला तसे करताना पाहिलेले असेल.

बाबांचे म्हणणे तू थोडे वेगळ्या दृष्टीने बघ. त्यांना खेळाचा राग नाही, त्यांना साडेअकराला पुस्तकावर डुलक्या घेणारी मुलगी दिसते. तुझे नऊ तास कमी झाले की त्यांतला मोठा वाटा झोपेला आणि थोडा अभ्यासाला जाईल, हे त्यांना कागदावर वेळापत्रक काढून दाखव. शालेय स्पर्धांचा मुख्य भर दसऱ्यापर्यंत ओसरतो आणि दहावीची परीक्षा मार्चच्या सुमारास असते. मधले महिने अभ्यासाचे आहेत, हेही त्यांना सांग. गणपतीनंतर सगळे बंद करण्याऐवजी अर्धवार्षिक परीक्षेच्या आधीचे पंधरा दिवस सराव पूर्ण बंद, असा शब्द दे आणि तो पाळ.

विद्यार्थी प्रमुखपद मात्र सोडू नकोस, फक्त त्यातले एक काम परत कर. उशिरा येणाऱ्यांची नावे लिहिणे हे शिक्षकांचे काम आहे असे माझे स्पष्ट मत आहे. मुलांनी ज्या मुलीला मत दिले, तिलाच त्यांच्यावर पहारा करायला बसवले, की तिच्यावरचा विश्वास पहिल्याच महिन्यात उडतो. मुख्याध्यापकांना नम्रपणे सांग की हे काम वर्गशिक्षकांनी करावे, किंवा फार तर प्रत्येक वर्गातील मुलांकडे आळीपाळीने जावे. त्याच वेळी तुझ्या त्या दोन मैत्रिणी उशिरा का येतात, हे विचारून घे. तुमच्या तालुक्यात गावाहून शाळेला येणाऱ्या मुलांचा उशीर पुष्कळदा बसचा असतो. तसे असेल तर कोणत्या गावची बस किती वाजता येते आणि किती मुले तिच्यावर अवलंबून आहेत, याची दोन आठवडे नोंद ठेव आणि ती मुख्याध्यापकांच्या पत्रासोबत खानापूर आगाराला दे. नावे लिहिणारी वही तीच राहील, पण ती मुलांच्या बाजूने लिहिलेली असेल, आणि मैत्रिणींशी बोलायला तुला निमित्तही मिळेल. बाकीची कामेही वाटून दे. क्रीडामंत्री, आरोग्यमंत्री, स्वच्छतामंत्री असे मंत्रिमंडळ तुमच्या शाळेत असेल, तर पाण्याच्या टाकीपासून प्रार्थनेपर्यंत सारे तूच पाहण्याचे कारण नाही.

शेवटी कन्नडविषयी. हसणाऱ्या मुलांचे मला वाईट वाटले, पण तू अडखळत का होईना बोललीस याचा आनंद अधिक झाला. घरी मराठी बोलणाऱ्या मुलीने कन्नडमध्ये अडखळणे यात लाजण्यासारखे काही नाही आणि मराठीवर प्रेम असणाऱ्या मुलीने कन्नड चांगले शिकणे यातही मराठीचे काही कमी होत नाही. दहावीला तो विषय आहेच. पुढच्या बैठकीआधी बोलायचे चार वाक्यांत लिहून काढ, कन्नडच्या शिक्षकांकडून तपासून घे आणि मोठ्याने दहा वेळा म्हण. उद्या जिल्ह्याच्या किंवा विभागाच्या संघात निवड झाली तर तुझ्या शेजारच्या चौकोनात बसलेली मुलगी बैलहोंगलची किंवा धारवाडची असेल. खो हा शब्द दोघींचा एकच असला, तरी तो कधी द्यायचा हे तुम्हाला सामन्याआधी एकमेकींशी बोलूनच ठरवावे लागेल.

या आठवड्यात डॉक्टरांकडे जा. जाताना शेवटची पाळी कधी आली ती तारीख आणि नडगी पहिल्यांदा कधी दुखली ते कागदावर लिहून ने, आणि ज्या बुटांनी रस्त्यावर धावतेस ते बूटही पिशवीत घाल. त्यांचे तळवे कोणत्या बाजूने झिजले आहेत हे डॉक्टरांना पाहायचे असेल.

तुझी,
ताई